सेलचा बूट आणि दुसरं बिल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशातल्या सेलमधून स्नीकर्स मागवायचं जे वेड हल्ली पसरलंय त्याबद्दल लिहितोय, आणि आधीच सांगून टाकतो की मीही त्यातलाच, कपाटात असे मागवलेले पाच जोड आहेत आणि सहावा तिकडच्या गोदामात पडलाय, तेव्हा "आजकालच्या पोरांना झालंय तरी काय" छापाचं हे पत्र नाहीये. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. या धंद्यात गिऱ्हाइकाला दोन बिलं येतात, पहिलं बूट घेताना आणि दुसरं तो बूट गोदामात पोचल्यावर, आणि दुसरं किती येणार हे पहिलं भरताना कोणी बोलत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. परदेशातली बरीच दुकानं बाहेरच्या देशात माल पाठवतच नाहीत, काहींना बाहेरचं कार्ड चालत नाही, काहींना कंपनीनेच बजावलेलं असतं की आपल्या भागाबाहेर विकायचं नाही. मग मध्ये एक प्रॉक्सी लागतो. आपण त्याला लिंक द्यायची, तो स्वतःच्या नावाने बूट विकत घेतो, स्वतःच्या गोदामात मागवतो आणि तिथून आपल्याकडे रवाना करतो. याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे फॉरवर्डर, तो खरेदी करत नाही, फक्त पत्ता देतो, खरेदी आपली आपण करायची. अमेरिकेतले असे बरेच पत्ते ओरेगन नाहीतर डेलावेअरचे का असतात याचं मला फार दिवस कोडं होतं. तर त्या राज्यांत विक्रीकरच नाही, म्हणून गोदामं तिथे! जपानात तसं चालत नाही, तिथला उपभोग कर २०१९ च्या ऑक्टोबरपासून १० टक्के आहे आणि प्रॉक्सीने माल जपानातच घेतला म्हटल्यावर तो भरावाच लागतो, बूट नंतर देशाबाहेर गेला म्हणून आपल्याला सहसा काही परत मिळत नाही.

मला या लोकांचा राग नाही हेही लिहितो. जपानी दुकानदाराशी जपानीत पत्रव्यवहार करून "डब्याचा कोपरा चेपलाय, चालेल का" हे आपल्याला विचारून घेणारा माणूस फुकट काम करणार नाही, आणि करूही नये. जे मॉडेल फक्त तिकडेच विकतात ते यांच्यामुळेच आपल्या पायात येतं.

पण आता माझाच हिशोब बघा. चलन कुठलंही असो, बुटाची छापील किंमत १०० धरा. सेलमध्ये ४० टक्के सूट, म्हणजे बूट ६० ला. दुकानातून गोदामापर्यंतचं भाडं ४, प्रॉक्सीची फी ५, आणि कार्डवाल्या बँकेने परकीय चलनाचे म्हणून २ कापले. इथपर्यंत झाले ७१, मी खूश, घरात सगळ्यांना दाखवून झालं. आठ दिवसांनी मेल आला की तुमचा माल गोदामात पोचलाय, आता पुढचं भाडं भरा. २२. ते भरलं, पार्सल आलं, तर आयात शुल्क आणि त्यावरचा कर मिळून २० आणि कुरियरवाल्याने ते शुल्क आमच्या वतीने आधी भरलं म्हणून त्याची हाताळणी फी ४. बेरीज करा, ११७. छापील किमतीपेक्षा १७ जास्त देऊन मी सेलमध्ये बूट घेतला. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने काढली त्याने हे पार्सल सोडवलं असणार.

तो २२ चा आकडा मला पटेना म्हणून मी टेप घेऊन बसलो. बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका ४२ सेंटिमीटर लांब, ३२ रुंद, २० उंच. त्यात बुटाचा डबा, आणि उरलेल्या जागेत चुरगळलेला तपकिरी कागद, इतका की तो उलगडला तर जमिनीवर चटई झाली. काट्यावर ठेवलं, सगळं मिळून १ किलो ४०० ग्रॅम. बिलावर वजन लिहिलंय साडेपाच किलो. मी म्हटलं चूक झाली असणार, मेल केला, तर उत्तर आलं की हे आकारमानाचं वजन आहे. म्हणजे काय, तर मोठ्या आंतरराष्ट्रीय कुरियर कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये काढतात, त्याला ५००० ने भागतात, येईल ते किलो, आणि खरं वजन व हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. ४२ गुणिले ३२ गुणिले २० म्हणजे २६,८८०, भागिले ५००० म्हणजे ५.३८, पुढच्या अर्ध्या किलोला चढवलं की साडेपाच. गणित बरोबर आहे हो, मी दोनदा करून बघितलं. विमानात जागा अडते, तेव्हा जागेचे पैसे घेणार हेही मान्य. पण मी चार किलो हवेचं भाडं भरलं आणि ती हवा खोक्यात कोणी भरली, तर गोदामातल्या माणसाने, हाताशी जो खोका होता तो उचलून. नुसता बुटाचा डबा मोजला, ३५ बाय २३ बाय १३, तो दोन किलोच्या थोडा वर जातो. म्हणजे डब्याच्या मापाचं पाकीट केलं असतं तरी भाडं निम्म्याच्या आसपास आलं असतं.

आणि हे सगळं कळतं कधी? बूट गोदामात पोचल्यावर. तोवर परतीचा रस्ता बंद झालेला असतो, कारण दुकानाच्या लेखी गिऱ्हाईक प्रॉक्सी आहे, आपण नाही, पावती त्याच्या नावावर, परत घ्यायचा का नाही ते तो ठरवणार आणि त्याच्या अटींत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की परत नाही. वर गोदामात ठेवायचे फुकट दिवस मोजके, ते सरले की दिवसाचं भाडं, आणि तरीही नाही भरलं तर माल मोडीत. म्हणजे ७१ आधीच अडकलेत, आता २२ भरा नाहीतर ७१ वर पाणी सोडा, याला निवड म्हणत असतील तर म्हणोत बापडे. कार्डवाल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायची सोय आहे असं लोक सांगतात, पण बँक विचारणार, सांगितलेली वस्तू त्याने घेतली का, घेतली, मग तुमचं म्हणणं काय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पहिलं बिल भरतानाच दुसऱ्याचा अंदाज दाखवणं या सेवांना बंधनकारक व्हावं. अवघड काय आहे त्यात? बुटाचे डबे काही हजार तऱ्हेचे नसतात, यांच्या गोदामातून रोज जातात, कुठल्या डब्याला कुठला खोका लागतो हे यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. दर कुरियरचे ठरलेले आहेत. "हा जोड साधारण इतक्या आकारमानाचा, भाडं इतक्यापासून इतक्यापर्यंत, आयात शुल्क वेगळं पडेल" एवढी एक ओळ खरेदीच्या बटनाशेजारी टाकायची. नाही टाकत, कारण टाकली तर निम्मी गिऱ्हाइकं बटन दाबणार नाहीत.

शुल्काचंही तेच. आयात शुल्क नुसत्या बुटाच्या किमतीवर लागतं असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं, पण बऱ्याच देशांत ते किंमत अधिक विमा अधिक भाडं या बेरजेवर लागतं. म्हणजे त्या हवेच्या भाड्यावरही कर भरला मी! आणि "अमक्या रकमेच्या आत असलं की काही लागत नाही" असं जे व्हिडिओत सांगतात ते कधीचं आहे ते बघा आधी. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली व्हॅटची सूट १ जुलै २०२१ ला काढून टाकली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालासाठी बंद केली. जुने व्हिडिओ तसेच पडलेत, खाली कमेंटमध्ये लोक अजून आभार मानतायत.

यावर काही शहाणे सुचवतात की प्रॉक्सीला सांगा "गिफ्ट" लिहायला नाहीतर किंमत कमी लिहायला. कृपा करून करू नका. तो गुन्हा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे पार्सल वाटेत हरवलं तर भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीएवढीच मिळते, ६० चा बूट १० चा लिहिला असेल तर १० घ्या आणि गप्प बसा. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आता भाड्यातून थोडं बाहेर येतो, कारण दुसऱ्या जोडाच्या वेळी मी वेगळ्याच खड्ड्यात पडलो. ६५ टक्के सूट होती, नवाकोरा, डबाबंद, न घातलेला. तिसऱ्यांदा घालून चालायला गेलो तर मागे पांढरा चुरा सांडत होता, खडूसारखा, आणि घरी येईपर्यंत डाव्या पायाचा सोल हातात आला. चौकशी केल्यावर कळलं की सोलच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन नावाचा फोम असेल तर हवेतला ओलावा त्याला आतून हळूहळू तोडत राहतो, बूट घातला नाही म्हणून ते थांबत नाही, उलट नुसता डब्यात पडून राहिलेला जोडही काही वर्षांनी असा भुगा होतो. ईव्हीए नावाच्या फोमला हा रोग तसा होत नाही. तेव्हा एवढी मोठी सूट दिसली की विचारायचं, बूट कधीचा आहे? बऱ्याच कंपन्यांच्या बुटाच्या जिभेच्या आत जे छोटं लेबल असतं त्यावर उत्पादनाची तारीख असते. गोदामवाले थोडे पैसे घेऊन फोटो काढून देतात, पण ते डब्याचा फोटो काढतात, वरून, छान उजेडात. त्यांना सांगायचं की बाबा जिभेच्या लेबलचा काढ.

त्याच लेबलवर साइझही असतो आणि तिथेही गंमत आहे. अमेरिकेचा ९ नंबर म्हणजे नायकेच्या तक्त्यात ब्रिटनचा ८ आणि आदिदासच्या तक्त्यात साडेआठ. ब्रिटनचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, युरोपचा एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, त्यामुळे एकावरून दुसरा काढताना कुठेतरी अर्धा नंबर निसटतोच. जपानी दुकानं सरळ सेंटिमीटर लिहितात, आणि वरच्या दोन्ही कंपन्यांचा अमेरिकी ९ तिथे २७ च आहे. तेव्हापासून मी पावलाचं माप सेंटिमीटरमध्येच सांगतो, बाकी आकडे वाचतच नाही. (लहान पावलांच्या लोकांसाठी जाता जाता: ब्रिटनमध्ये मुलांच्या मापाच्या बुटांवर व्हॅट लागत नाही, मोठ्यांच्या बुटांवर २० टक्के लागतो. माझं पाऊल काही त्यात बसत नाही.)

तर संपादक महाशय, आपल्या ग्राहकांच्या पानावर मोबाइल, विमा, बिल्डर हे सगळं नेहमी येतं, या प्रॉक्सी खरेदीवरही एकदा येऊ द्या. नवीन माणसाला निदान एवढं कळू दे की पैसे भरायच्या आधी मेल टाकून खोक्याचं अंदाजे माप विचारता येतं, बुटाचा डबा काढून नुसते बूट पाठवा असं सांगता येतं, दोन जोड असतील तर एकाच खोक्यात घालता येतात, आणि जिथे टपाल खात्याची ईएमएससारखी सेवा आहे तिथे काट्यावरचं वजन धरतात की आकारमानाचं हे विचारून मग कुरियर निवडता येतं. डबा काढायला माझा जीव होत नव्हता आधी, पुढेमागे विकायचे झाले तर डब्याशिवाय भाव पडतो म्हणतात. पण मी विकणार कोणाला, दहा नंबरचे बूट.

माझा सहावा जोड गोदामात आहे असं वर म्हटलं. फुकट ठेवायचे ११ दिवस उरलेत. डबा काढा, बूट एकमेकांत उलटसुलट बसवा, वर प्लास्टिकचं पाकीट करा आणि बांधून झाल्यावर तिन्ही मापं कळवा, मग भाडं भरतो, असा मेल गेल्या सोमवारी केलाय. उत्तर आलं, "आपल्या पार्सलचं भाडं भरण्यासाठी इथे दाबा."

आपला,
एक नियमित वाचक