मास्तरची पिल्सनर

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवरही बोलता आले असते, पण फोनवर तू मध्येच हसू लागतोस आणि विषय भलतीकडे जातो, म्हणून पत्र. माझा गुडघा ठीक आहे, आईची साखर आटोक्यात आहे, बाकी क्षेम. आता मास्तरविषयी.

त्याच्या मायक्रोब्रुअरीतल्या सगळ्या बिअर चाखून मी रीतसर गुण द्यावेत, असे त्यानेच सुचवले. ओळखीपाळखीची वाहवा नको, बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता घेऊन ये, असे बजावले. त्या तक्त्यात एकूण 50 गुण असतात: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जडपणा-हलकेपणाला 5 आणि एकंदर परिणामाला 10. फिकट बिअरपासून काळ्या बिअरकडे जायचे, मध्ये साधे पाणी प्यायचे आणि ग्लास फार गार असताना नाक लावायचे नाही. बंगळूरला इंदिरानगरच्या टॉइट ब्रुअरीत तू याच मुद्द्यावर माझ्याशी भांडला होतास. गारठ्याने वास दबतो, हे माझे म्हणणे मी आजही मागे घेत नाही.

हेफेवायझन ही गव्हाची बिअर उत्तम होती, 40 दिले. केळ्याचा आणि लवंगेचा वास दोन्ही यीस्टचीच करामत, तरी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वेटरला "केळी वेलची घालता की बसराई?" असे गंभीरपणे विचारत होते. विटबिअरमध्ये धणे सढळ हाताने पडले होते आणि संत्र्याची साल मात्र शोधावी लागली. स्टाउट जरा उबेला येऊ दिली, तेव्हा भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा नेमका उतरला, 38. आयपीएला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुले जुनी होती, एवढेच लिहितो.

राहिली पिल्सनर, जिच्यावर त्याचा सर्वांत जास्त जीव. तिला मी 24 दिले आहेत. तक्त्याच्या भाषेत 24 म्हणजे "चांगली", पण तुझ्यामाझ्या घरी 50 पैकी 24 आणल्यावर काय व्हायचे ते तुला ठाऊक आहे. रंग सुरेख, फेस टिकणारा, आणि वास थेट मध्यंतरातल्या लोणीदार पॉपकॉर्नचा. त्या वासाला कारणीभूत असते डायअॅसिटिल. यीस्ट साखर पचवताना एक पदार्थ बिअरमध्ये सोडते, त्याचे पुढे डायअॅसिटिल होते, आणि सवड मिळाली तर तेच यीस्ट ते पुन्हा शोषून घेते. पिल्सनर ही लागर प्रकारातली, ती दहाएक अंशांवर सावकाश आंबते, म्हणून शेवटी दोन-तीन दिवस टाकीचे तापमान 16-18 अंशांपर्यंत चढू द्यावे लागते. शनिवार-रविवारची गर्दी आणि मोजक्या टाक्या, या ओढाताणीत मास्तर नेमके हेच दिवस कापतो.

नळीतल्या घाणीनेही असा वास येऊ शकतो, म्हणून मी थेट टाकीतून दोन ग्लास भरायला लावले. दोन्हींवर फॉइल बांधले, एक ग्लास साठ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवला आणि मग दुसऱ्याइतकाच गार केला. बिअरमध्ये तो मूळ पदार्थ उरला असेल तर तापवल्याने त्याचे लगेच डायअॅसिटिल होते आणि वास उघडा पडतो. तापवलेल्या ग्लासवरचे फॉइल काढताच माझी मान मागे गेली. मास्तरने दोन्ही ग्लास शांतपणे हुंगले, पुन्हा हुंगले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सारखेच आहेत की."

नाना, त्याला तो वास येतच नाही. काही माणसांच्या नाकाला डायअॅसिटिल जवळजवळ कळत नाही, हे मी वाचले होते. मास्तर त्यांतला निघावा, हे मात्र ध्यानीमनी नव्हते. मेसमधले ते लोणी आठवते? आपण सगळे ताट सरकवून उठायचो आणि हा आपल्या वाटणीचेही पोळीला लावून खायचा.

पद्धत चुकते आहे असे सांगितले, तर तो चार शिव्या देईल आणि पुढच्या खेपेला सुधारेल. पण ज्याने 2009 मध्ये पुण्याच्या डूलाली ब्रुअरीत पहिला घोट घेतल्यापासून हाच ध्यास धरला, नोकरी सोडली, पीएफ ओतला आणि ज्याची सारी मिजास आपल्या नाकावर आहे, त्याला "तुझे नाक या एका वासापुरते बंद आहे" हे कसे सांगावे? आणि न सांगून चालणार नाही, कारण वास गेला की राहिला, हे दर खेपेला कोणीतरी हुंगूनच ठरवायला हवे. वहिनींना तो वास येतो. त्यांनी त्याला एकदा सांगितलेही होते. "तुला बिअरमधले काय कळते" म्हणून त्याने उडवून लावले. मला विचारशील तर पिल्सनरची प्रत्येक टाकी वहिनींनी हुंगल्याशिवाय ग्राहकापुढे जाऊच नये. पण हे मी सुचवले, तर त्यांनीच मला पढवून पाठवले असे त्याला वाटेल. मी मसाल्याच्या डब्यावरून त्यांची बाजू घेतली होती, ते तो अजून विसरलेला नाही.

तुझे तो ऐकतो. का ऐकतो, हे मला आजवर उमगलेले नाही, पण ऐकतो. तक्ता माझ्याकडेच आहे. तू बोललास की लगेच पाठवतो. 24 चे 30 मात्र करणार नाही, तशी गळ घालू नकोस.

तुझे नवे घर लागले का? चिमीच्या दहावीचे काय ठरले, कळव. वहिनींना नमस्कार, म्हणजे तुझ्या.

बुधवारी तो पिल्सनरची नवी खेप लावतो आहे, तेव्हा त्याआधी फोन कर, आणि कृपा करून त्या लोण्याचा विषय तू काढू नकोस.

तुझा,
बंडू