थीसिसच्या आभाराच्या पानात न मावलेलं

प्रिय ताई,

थीसिस एकदाचा जमा केला. आभाराच्या पानावर गाईड, विभागप्रमुख, फेलोशिप, आई-बाबा अशी सगळ्यांची वर्णी लागल्यावर तुझ्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ आली: 'उपयुक्त चर्चेबद्दल'. सगळे असंच लिहितात. पण तू जे केलंस ते त्या दोन शब्दांत बसत नाही, म्हणून हे उघड पत्र. अणुकेंद्राच्या (न्यूक्लियसच्या) रचनेच्या या विषयात नव्याने पडलेल्या कुणाच्या हाती लागलं तर बरंच आहे.

विभागात आले तेव्हा मीन फील्डची शिदोरी माझ्याकडे बऱ्यापैकी होती. प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉन बाकीच्या सगळ्यांनी मिळून तयार केलेल्या सरासरी क्षेत्रात एकटाच फिरतो असं मानायचं, त्यात स्पिन-ऑर्बिट (कणाची गिरकी आणि त्याची कक्षा यांचा परस्परसंबंध) घालायचं, की २०, २८, ५०, ८२ हे मॅजिक नंबर, म्हणजे कवच पूर्ण भरणाऱ्या संख्या, हजर. मारिया गोपर्ट मायर आणि येन्सन यांचं १९४९ चं शेल मॉडेल एमएस्सीला घोकलं होतं. पवईच्या आयआयटीतल्या गंभीर सरांनी रिंग आणि थिमेट यांच्याबरोबर १९९० मध्ये मांडलेलं रिलेटिव्हिस्टिक (सापेक्षतावादी) मीन फील्डही वाचलं होतं. बंधनऊर्जा जुळते, त्रिज्या जुळते, अजून काय हवं?

मग मॅग्नेशियम-३२ आलं. बारा प्रोटॉन, वीस न्यूट्रॉन. वीस म्हणजे भरलेलं कवच, म्हणजे न्यूक्लियस गोल आणि सहजासहजी न हलणारा असायला हवा. कॅल्शियम-४० तसा आहे, त्याची पहिली २⁺ अवस्था (कोनीय संवेग २ असलेली उत्तेजित अवस्था) ३.९ एमईव्हीवर आहे (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक). मॅग्नेशियम-३२ ची ०.८९ च्या आसपासच, म्हणजे हा सहज हलतो! १९९५ मध्ये जपानमध्ये रिकेनला मोटोबायाशी आणि सहकाऱ्यांनी कूलॉम एक्सायटेशनने (दुसऱ्या न्यूक्लियसच्या विद्युत क्षेत्राने उत्तेजित करून) मोजलं, तेव्हा हा न्यूक्लियस चांगलाच लांबट असल्याचं दिसलं. आणि गॉग्नी फोर्स (कणांमधल्या बलाचं एक सूत्र) घेऊन केलेलं मीन फील्डचं गणित मात्र गोल आकारावर अडून बसतं.

तेव्हा तू माझ्या वहीत ऊर्जेचा वक्र काढलास. शून्य विरूपणापाशी (म्हणजे गोल आकारापाशी) दरी, उजवीकडे नुसता एक खांदा. त्या खांद्यावर पेन्सिल टेकवून विचारलंस, "हा लांबट न्यूक्लियस कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे?"

या एका प्रश्नासाठी तुझे आभार मानायचे आहेत. खरी ग्राउंड स्टेट (सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था) ०⁺, म्हणजे शून्य कोनीय संवेगाची असते, तिला दिशाच नसते. मीन फील्डमधली लांबट अवस्था मात्र एक दिशा धरून बसते, त्यामुळे तिच्यात ०, २, ४, ६ असे कितीतरी कोनीय संवेग मिसळलेले असतात. पायर्ल्स आणि योकोझ यांनी १९५७ मध्ये दाखवलेली वाट अशी, की तीच अवस्था सगळ्या दिशांना फिरवायची, सगळ्यांची बेरीज घ्यायची आणि त्यातून हवा तो संवेग गाळून काढायचा. शून्य संवेग गाळला की ऊर्जा खाली येते. "आणि गोल अवस्थेची?" तू विचारलंस. ती तर आधीपासूनच शून्य संवेगाची. तिला यातून छदामही मिळत नाही! दरी जागच्या जागी राहते, खांदा दोन-तीन एमईव्ही खाली उतरतो आणि तिथेच नवी दरी तयार होते. एकूण बंधनऊर्जा अडीचशे एमईव्हीच्या घरातली, त्यातल्या एखाद्या टक्क्याने आकार ठरतो. माद्रिदच्या एगिडो आणि रोब्लेडो यांच्या गटाने मॅग्नेशियम-३२ वर नेमकं हेच करून दाखवलं होतं. पण त्यांचा पेपर मला समजला तो तुझ्या पेन्सिलीमुळे.

पुढचं भराभर झालं. एकच आकार का धरायचा, सगळेच मिसळू या, ही हिल आणि व्हीलर यांची १९५३ ची युक्ती. शिसं-१८६ मध्ये गोल, चपटी आणि लांबट अशा तीन ०⁺ अवस्था ७०० केईव्हीच्या (०.७ एमईव्हीच्या) आत दाटीने बसल्यात, तिथे याशिवाय गत्यंतर नाही.

कण मोजायची गोष्ट मात्र तुझ्याच शब्दांत सांगायला हवी. पेअरिंग (कणांच्या जोड्या जमणं) घेतलं की न्यूट्रॉन 'सरासरी' वीस होतात, म्हणजे त्यात अठराही आले आणि बावीसही. "लग्नाच्या पंगतीला असा अंदाज चालतो, मॅग्नेशियमला नाही," म्हणालीस. तिथेही प्रोजेक्शन (तसंच गाळणं) करावं लागतं, गेज अँगल नावाच्या कोनावर बेरीज घेऊन. त्या बेरजेत सगळे विषम संख्येनेच बिंदू का घेतात, हे कुठल्याही पेपरात धड लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. तू दोन ओळींत सांगितलंस: सम संख्या घेतली की π/२ हा कोन नेमका वाट्याला येतो, आणि एखादी पातळी बरोबर अर्धी भरलेली असेल तर तिथे ओव्हरलॅप (मूळ आणि फिरवलेल्या अवस्थेचा मेळ) शून्य होतो. मग शून्याने भागायची पाळी येते. वर हेही बजावलंस की विषम बिंदू घेणं ही पळवाट आहे, दुखणं घनतेवर अवलंबून असलेल्या फोर्समध्ये आहे आणि ते तसंच राहतं. अशा गोष्टी पेपरांत गाळल्या जातात याचा मला अजूनही राग आहे. नवीन मुलांचं अर्धं वर्ष अशाच ठिकाणी जातं.

हाच ओव्हरलॅप काढायच्या ओनिशी फॉर्म्युल्यातल्या वर्गमुळाचं चिन्ह हरवतं, त्यावर रोब्लेडो यांनी २००९ मध्ये फाफियन (डिटर्मिनंटसारखी एक राशी) आणून तोडगा काढला, तो तू व्हिडिओ कॉलवर समजावलास. तुझ्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि दुसऱ्या दिवशी तुझा इंटरव्ह्यू होता, हे मला नंतर इतरांकडून कळलं. सांगितलं असतंस तर मी फोन ठेवला असता. म्हणूनच सांगितलं नसशील.

आता एक विचारायचंय. यंदा आलेली दोन मुलं याच विषयात काम करणार आहेत आणि ट्रायअॅक्सियल (तिन्ही अक्षांवर वेगळी लांबी असलेल्या) आकारांसाठी त्यांना दिशा ठरवणाऱ्या तिन्ही ऑयलर कोनांवर इंटिग्रल घ्यावी लागणार आहेत. तू मला दिलेल्या हस्तलिखित नोट्स स्कॅन करून त्यांना देऊ का? समासात तू रेफ्रींना घातलेल्या शिव्या तेवढ्या झाकून ठेवते.

तुझी,
खालच्या मजल्यावरची ज्युनिअर