सहा वाजल्यानंतर

धुळे,
कार्तिक शुद्ध सप्तमी, सोमवार

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, इथं काय असतं? सहाला ऑफिस सुटलं की खोलीवर." आणि मग जाता जाता सांगितलंस की संदीपची नाशिकला बदली झाली, त्याची कॉट रिकामी आहे. फोन ठेवून मी मेथी निवडायला बसले, तर पानं आणि काड्या एकाच परातीत टाकत होते, ते आजीनं दाखवल्यावर कळलं. म्हणून लिहिते आहे. फोनवर माझा गळा दाटतो आणि तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतोस. उद्या वाणीकाका सकाळच्या एसटीनं जळगावला निघालेत, त्यांच्याजवळ पिशवी देते. पत्र बिबड्यांच्या डब्याखाली ठेवलंय.

तुझ्या एकटेपणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. जळगावात या आठवड्यात काय काय आहे तेवढंच सांगते. मी तिथं मूळजी जेठा कॉलेजात तीन वर्षं काढलीत, गाव मला ठाऊक आहे.

आधी वहनं. पाडव्यापासून रोज संध्याकाळी जुन्या जळगावातल्या राममंदिरातून देवाचं वहन निघतं. कधी घोडा, कधी हत्ती, कधी गरुड. मोठी गर्दी नसते, गल्लीतली माणसं, लहान पोरं, आरतीचं तबक घेऊन दारात उभ्या बाया. दिवाळीपासून तू ते एकदाही पाहिलं नाहीस ना? बुधवारी जा. त्याच बाजूला चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर आहे, आता तिथं संग्रहालय केलंय. त्यांच्या हातातल्या रोजच्या वस्तू आहेत. तुला शाळेत त्यांच्या कविता पाठ होत्या, ते घर मात्र तू पाहिलेलं नाहीस. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर बसून, शेतात राबता राबता त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर उतरवून घ्यायचे. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, पुस्तक १९५२ला आलं. आईचं बोलणं मुलानं ऐकून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं, एवढंच मी तुला म्हणते.

गुरुवारी नाटक. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू आहे, संभाजीराजे नाट्यगृहात. तुझ्या खोलीपासून महाबळ रस्त्यानं चालत जाण्यासारखं आहे. हौशी मंडळी असतात. कुणी बँकेत, कुणी मास्तर, कुणाचं मेडिकलचं दुकान. दोन-तीन महिने रात्री तालीम करतात आणि एका प्रयोगासाठी सगळा जीव ओततात. कधी पडदा अडकतो, कधी वाक्य विसरतं, पण समोर जिवंत माणूस उभा असतो रे, हातातल्या चौकोनातला नाही. तिकीट नाममात्र असतं, ते काढूनच जा, कुणाकडे पास मागू नकोस. मधेच उठून येऊ नकोस, मोबाइल बंद ठेव, संपल्यावर आत जाऊन एखाद्याला तरी सांग की आवडलं. आणि जाताना ऑफिसातल्या कुणाला तरी विचार, चलतोस का म्हणून. माणसानं सहा वाजता दार लावून घेतलं की ते सकाळपर्यंत... राहू दे. सुरू झालं माझं. माफ कर. सत्तावीस वर्षांच्या, पहिल्या पगारातून आजीला लुगडं आणि बाबांना चष्मा घेऊन देणाऱ्या मुलाला मी नाटकात कसं बसावं ते शिकवते आहे.

लुगडं आजीनं अजून नेसलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला घडी उलगडून दाखवते आणि पुन्हा पिशवीत घालते. रोज विचारते, "पोऱ्या जेवना का?"

नाटकाचं निघालं म्हणून सांगते. १९८९ला कॉलेजच्या एकांकिकेत मी म्हातारी झाले होते. हे तुला मी सांगितलं नसेल. सुधामामा धुळ्याहून एसटीनं आला, आजीचं जुनं नऊवारी आणि आबांची खरी काठी घेऊन. केस पांढरे करायला पावडर आणली होती, पण दिव्याखाली ती निळी दिसायला लागली. सुधानं खिशातून कागदाची पुडी काढली, चुलीतली राख, घरून चाळून आणलेली. मला म्हणाला, डोळे मीट. आणि भांगापासून कानापर्यंत चार बोटांनी हलक्या हातानं चोळली. थोडी ओठावर पडली. खारट लागली. ती चव अजून जिभेवर आहे माझ्या. प्रयोग झाला, टाळ्या झाल्या, थांबल्या, आणि मग शेवटच्या रांगेतून त्याच्या एकट्याच्या टाळ्या येत राहिल्या.

पुढं त्याला नोकरी लागली, बाहेरगावी खोली केली. कुठं चल म्हटलं की म्हणायचा, "तिथं काय असतं?"

काल तू हेच शब्द बोललास.

मी तुला घाबरवत नाही. तू वेगळा आहेस, तुला मी ओळखते. पुण्यात चार वर्षं अभ्यास केलास, दोनदा थोडक्यात हुकलं, तरी कुणाला दोष न देता घरी आलास, पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलाला दिलीस आणि या नोकरीच्या परीक्षेला बसलास. तुझे बाबा हे राजवाडे मंडळात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. तुझ्यासमोर सांगत नाहीत, कारण त्यांना तसं येत नाही. पण तू तिसरीत असताना त्यांनीच मधल्या खोलीची आतली कडी काढली होती. स्क्रूची चार भोकं त्यांनी लांबीनं भरली, वर रंग दिला, तरी पावसाळ्यात ती चार ठिपक्यांसारखी वर येतात. तू मला विचारायचास, आई, ही कसली? मी म्हणायचे, जुनी कडी होती. एवढंच.

तुझ्या खोलीला आतून कडी असेलच. असू दे. फक्त घरमालकांच्या काकूंना एक किल्ली देऊन ठेव.

शुक्रवारी एकादशी, त्याच राममंदिराचा रथ. हे चुकवू नकोस, यासाठी मी हात जोडते. १८७२ पासून निघतोय तो रथ, अप्पा महाराजांनी सुरू केलेला. बाकी लोक मूर्तीकडे बघतात, तू चाकाकडे बघ. एवढ्या अवजड लाकडी रथाला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. मोगरी लावणारे चाकाला लागून चालतात, नेमक्या क्षणी लाकडाची मोगरी चाकाखाली सारतात आणि रथ वळतो किंवा थांबतो. हात किंचित उशिरा निघाला तर संपलं. घराघरांत ते काम बापाकडून मुलाकडे येतं. मी मैत्रिणींबरोबर दोन तास नुसती ते हात बघत उभी होते. भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या दर्ग्याशी रथ थांबतो, चादर चढवतात, मग पुढं जातो. रात्री उशिरा देवळाशी परततो. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेव. उपास करायचा असेल तर भगर पिशवीत आहे, नसेल करायचा तर बाहेर भरीत मिळेल, सध्या वांगी चांगली आलीत. पण उपाशी झोपू नकोस.

शनिवारी काही ठरवू नकोस, काव्यरत्नावली चौकात नुसता फिर. तू रोज त्या चौकातून ऑफिसला जातोस, नावाचा विचार केलास का कधी? नुसत्या कवितेला वाहिलेलं मासिक होतं ते, १८८७ साली जळगावातून सुरू झालं, नाना फडणीसांनी जन्मभर चालवलं. याच गावात १९०७ला कवींचं संमेलन भरलं होतं आणि धरणगावच्या १६-१७ वर्षांच्या ठोंबरे नावाच्या मुलाला तिथं 'बालकवी' म्हणाले. इतका लाजरा मुलगा, पण गेला, उभा राहिला, म्हणाला आपली कविता. पुढचं तुला माहीत आहे. ते आज लिहीत नाही. गांधी तीर्थ शाळेच्या सहलीत झालंय तुझं, ते राहू दे.

रविवारी चाळीसगाव. सकाळच्या गाडीनं गेलास तर दुपारी परत. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. पारशी माणूस, फोटोग्राफर, चित्रं, शिल्पं, सगळं करणारा. टेबलावर कापूस, काच, काड्या, पीठ मांडून असे देखावे टिपले की फोटोत खरा बर्फ आणि खरी नदी वाटावी. जगभरची बक्षिसं त्या घरात आली, ते स्वतः मात्र जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडले. १९८९च्या ३१ डिसेंबरला त्याच घरात गेले.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवला. तुला बाहेर काढायला निघाले आणि कुणाच्या घरी पाठवते आहे. हे पान फाडणार होते. पण एक सांगतात, ते तुला सांगायलाच हवं. कुणीतरी मुंबईहून येणार होतं त्यांच्याकडे, ते कधी आलं नाही. तरी रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला ते दिवे लावायचे, दार सताड उघडायचे, दोघांपुरतं जेवण तयार ठेवायचे. गाडी गेली की मग दार लावायचे. म्हणजे बाहेर जात नव्हते, पण दार उघडायचे रे. रोज.

सुधाच्या शेवटच्या वर्षात मी तिकडे दोनदा गेले. तिसऱ्यांदा जायला हवं होतं.

तुझ्यावर पाळत ठेवायला मी येणार नाही, वचन देते. रोज फोनही करणार नाही. तू नाटकाचं तिकीट तेवढं जपून ठेव, मला हवंय. बिबडे मंद आचेवर भाज, डब्याचं झाकण घट्ट लाव, नाहीतर सर्द होतात. वाणीकाकांना पाणी विचार.

तुझी,
आई

ता.क. बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून चाळीसगाव पॅसेंजरची वेळ बघून आले. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिनं येतोय. पाळत म्हणून नाही, मला ते घर पुन्हा पाहायचंय. आम्ही आधी पोचलो तर तुझ्या गाडीच्या फलाटावर थांबू. दशम्या आणते, तिघांपुरत्या.