‘बेबी ऑफ’चं पुढे काय होतं? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मी प्रसूतिकक्षातली परिचारिका. बाळ रडून आईच्या छातीवर विसावलं की माझ्या हातात उरतो वीतभर नाळेचा तुकडा, दोन्ही टोकांना चिमटे लावलेला. आत दोन बारीक, टणक धमन्या आणि एक फुगीर, मऊ शीर. धमनीतल्या रक्ताची आम्लता सांगते की कळांमध्ये बाळाला प्राणवायू कितपत मिळाला. बाकीच्या तपासण्यांना शिरेतलं रक्त पुरतं. बाळाला सुई टोचायला नको, आणि एरवी हे रक्त वारेबरोबर टाकूनच द्यायचं असतं.

नळीवर मी लिहिते ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. बाळाला अजून नाव कुठे असतं? माझं गाऱ्हाणं या दोन शब्दांपाशीच आहे.

जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेलं बाळ सुरुवातीला अगदी गुणी वाटतं. रडत नाही, भरपूर झोपतं. लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन बसतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. नाळेच्या रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडली की वाढणारं संप्रेरक, ही शंका पहिल्याच दिवशी देऊ शकतं. (अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते चुकू शकतं, त्यांची तपासणी पुन्हा करावीच लागते.)

आमच्याकडे असाच एक वाढलेला आकडा चौथ्या दिवशी आला. आई घरी गेली होती. नोंदवलेला फोन बाळाच्या मामाचा, आणि तो बंद. तोवर बाळाचं नाव ठेवून झालेलं, लसीकरणाच्या नोंदीत तेच नवं नाव. ‘बेबी ऑफ’ कुठेच नाही. ते सापडलं एकोणिसाव्या दिवशी. तपासणी अचूक होती, यंत्र उत्तम होतं. हरवलं होतं ते बाळ.

कित्येक वर्षांनी दिसणाऱ्या आजारांच्या खुणांबाबत तर हे आणखी खरं आहे: मूल पुन्हा सापडलं नाही, तर आकड्याला अर्थ नाही. 9 देशांतल्या 15 केंद्रांत 23 हजारांहून अधिक गर्भवतींवर झालेला ‘हापो’ अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आईची साखर मधुमेहाच्या रेषेखाली असली तरी ती जसजशी वाढत जाते, तसतसं नाळेच्या रक्तातलं सी-पेप्टाइड, म्हणजे बाळाच्या स्वतःच्या इन्सुलिनची खूण, वाढतं हे त्यात दिसलं. पण आईच्या साखरेचा मुलांच्या वजनावर आणि साखरेवर पुढे काय परिणाम होतो हे कळलं, ते 10 ते 14 वर्षांनी त्यांतली हजारो मुलं पुन्हा शोधून तपासली म्हणून. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर 1986-87 मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार बाळांच्या नाळेच्या रक्तातला पारा मोजला होता. ती सात वर्षांची झाल्यावर भाषा, लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा कुठे त्या पाऱ्याचा अर्थ लागला. जपानमध्ये मिनामाताच्या परिसरातल्या घरांनी डबीत जपून ठेवलेल्या वाळक्या नाळांनी तर कित्येक वर्षांनंतर पाऱ्याच्या विषबाधेची साक्ष दिली.

उलट बाजूही सांगते. नाळेच्या रक्तातल्या आयजीईवरून, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडावरून, ॲलर्जीचं भाकीत करता येईल अशी एके काळी मोठी आशा होती. ती फोल ठरली. पुढे ॲलर्जी झालेल्या बहुतेक मुलांचा जन्मवेळचा आकडा साधाच होता. त्यामुळे डीएनएवरच्या रासायनिक खुणा पाहून तान्ह्या बाळाच्या हाती ‘भावी मधुमेही’ असं कार्ड देण्याची कल्पना कुणी आपल्यापुढे मांडली, तर कृपया सही करू नका. हजारो मुलांच्या सरासरीत दिसलेला कल म्हणजे एका बाळाचं भविष्य नव्हे. आई मात्र ते कार्ड जन्मभर उशाशी ठेवील.

मला हवं आहे ते फार स्वस्त आहे. जन्मतःच बाळाला एक क्रमांक द्या. तोच नळीवर, लसीकरणाच्या नोंदीत आणि पुढे शाळेच्या आरोग्य तपासणीतही राहू दे. निकाल आला की कुटुंबाला गाठण्यासाठी माणूस नेमा, ते काम रात्रपाळीच्या परिचारिकेवर ढकलू नका. संशोधनासाठी रक्त ठेवायचं असेल तर संमती गरोदरपणातच विचारा. कळा देणारी बाई कशावरही सही करते. आणि नळी भरण्याच्या घाईत नाळ लवकर कापली जाऊ नये. निदान एक मिनिट थांबा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ते रक्त आधी बाळाचं आहे, त्यातलं लोह त्याला पुढचे महिने पुरतं.

आमच्या नोंदवहीत शेवटचा रकाना ‘संपर्क’ असा आहे. आपण कधी आलात तर तो आधी उघडून दाखवीन, यंत्रं नंतर.

आपली नम्र,
प्रसूतिकक्षातली एक परिचारिका