मा. वनमंत्री साहेब, दगड उलटणारे मोकळे आणि बघणारे नाक्यावर

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, तुम्ही कामात असणार म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलेलं, पण जमेल असं वाटत नाही. मी सातारचा. पावसाळा लागला की रात्री हेडटॉर्च लावून बेडूक, पाली, साप बघत फिरणाऱ्यांतला. बघत म्हणतोय, पकडत नाही.

गेल्या शनिवारी रात्री पठारावरून खाली येताना आम्हाला एका नाक्यावर अडवलं. डांबरी रस्ता, अभयारण्याची हद्द कुठल्या कुठं. बॅगा उपसल्या, टॉर्च काढून घेतले, पावती नाही काही नाही, वर "सापाचं विष विकता काय रे" म्हणून विचारलं. बरोबर कॉलेजची दोन पोरं होती, त्यातल्या एकाच्या वडलांना मध्यरात्री फोन गेला, आता ते माझ्याशी बोलत नाहीत. आणि ही झडती चालू असतानाच शेजारून एका रिसॉर्टची उघडी जीप गेली, आत दहा-बारा जण, मोठ्यानं गाणी, 'नाईट सफारी'! एकाच्या हातात सरडा होता, मी डोळ्यानं बघितला. तिला कुणी हात पण दाखवला नाही.

मागच्या पावसाळ्याआधी एका मीटिंगीत एका मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं की रात्रीच्या भटकंतीसाठी नियमावली येतीय, गावातल्या पोरांना ट्रेनिंग, आम्हाला ओळखपत्रं. टाळ्या झाल्या, चहा झाला, आम्ही फोटोसकट अर्ज दिले. ते अर्ज कुठल्या कपाटात वाळवी खातीय देव जाणे. कार्ड असतं तर त्या रात्री दोन मिनिटांत सुटलो असतो. नियम नाहीत म्हणजे काय होतं, तर समोरच्याला आमच्यात आणि तस्करात फरकच दिसत नाही, आणि खरा त्रास देणारा पर्यटक म्हणून सलाम घेऊन जातो.

तुमच्या अधिकाऱ्यांना कदाचित माहीत असेल, तरी लिहितो. साताऱ्याच्या नावाची एक पाल आहे, हेमिडॅक्टायलस सताराएन्सिस, 2008 साली तिची नोंद झाली. बारकी, पठारावरच्या सुट्ट्या दगडांखाली राहते. आता लोकं तेच दगड उचलून एकावर एक रचतात, मनोरे करतात, फोटो काढतात आणि जातात. तिचं घर गेलं ना राव! आमच्यात साधा नियम आहे, दगडाला शक्यतो हात लावायचा नाही, लावलाच तर पलीकडची कड आपल्याकडं उचलायची म्हणजे आतल्या जिवाला पलीकडं पळायला वाट राहते, आणि बघून झालं की होता तसा, त्याच खाचेत परत. बेडकाला हात नाही, कारण तो कातडीनं पण श्वास घेतो आणि आपल्या हाताला डासाचं मलम असतं. एका ओढ्यातनं दुसऱ्या ओढ्याला जाताना बूट धुऊन, वाळवून, कारण चायट्रिड नावाची बुरशी चिखलातनं पसरते, जगात कितीतरी जातीचे बेडूक तिनं संपवलेत. फोटो टाकताना लोकेशन काढून टाकायचं. सापाला काठीनं ढोसायचं नाही, लांबून बघायचं आणि वाट द्यायची. हे सगळं एका पानात बसतं साहेब, याला समिती लागत नाही.

कोयनेचा भेक घ्या, भेक म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक. 1963 साली कोयना भागातल्या हुंबरळी गावाजवळचा म्हणून जगाला कळला, धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. पावसाच्या उथळ डबक्यात अंडी घालतो. अशा डबक्यांतनंच शनिवार-रविवारी गाड्या जातात, शंभरावर असतील, मी काय मोजत बसलो नाही, तुम्ही मोजा, तुमच्याकडं माणसं आहेत. निदान असतील असा समज आहे.

आणि चाळकेवाडीच्या पठारावरचा तो निळा-काळा-नारिंगी गळा फुगवणारा सरडा, सारडा सुपर्बा. 2018 ला शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झालेत, त्यामुळं सरडे वाढलेत आणि माणूस अगदी जवळ जाईपर्यंत पळत नाहीत. मग काय, रीलवाल्यांना आयतंच सापडलं, वाकायचं आणि उचलायचं.

1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं आणि सापळा लावणं पण शिकारच. मग गळ्यात साप घालून व्हिडिओ टाकणाऱ्या कितीतरी जणांना साधी नोटीस पण कशी जात नाही? त्यांना फॉलोअर आहेत आणि आम्हाला नाहीत, एवढंच ना? शेजारी सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग पकडायला 2014 ला हायकोर्टानं मनाई केली, आणि 2025 च्या नागपंचमीला पारंपरिक ज्ञान म्हणून 21 जणांना नाग पकडायची परवानगी थेट दिल्लीहून आली. शिराळकरांच्या श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही, ते त्यांचं त्यांना. पण नाग पकडायचा कागद निघतो आणि रस्त्याच्या कडंला उभं राहून बेडूक बघायचा निघत नाही, हे कुठलं गणित आहे?

2012 ला कासच्या पठाराला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा फ्लेक्सवर फोटो कुणाकुणाचे होते ते सगळ्यांना आठवतंय. त्यानंतर काय वाढलं? हॉटेलं, प्लॉटिंग, पार्किंग. निसर्ग पर्यटन म्हणायचं आणि निसर्ग कळणारा पोरगा नाक्यावर बसवायचा. आणि हे फक्त तुमच्या खात्याचं नाही, रस्ता एकाचा, जमीन महसूलची, परवाना ग्रामपंचायतीचा, पवनचक्की कंपनीची, विचारायला गेलं की प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडं बोट करतं. माझा एक अख्खा उन्हाळा त्या टेबलांत गेला, बायको म्हणते तिथंच अंथरूण घालून घ्या.

मागणं फार नाही. ते एका पानाचे नियम मराठीत छापा आणि प्रत्येक रिसॉर्टच्या भिंतीला लावायला लावा, जो जनावर हातात घेऊन दाखवेल त्याची नाईट सफारी बंद. पठाराखालच्या गावातल्या पोरांना गाईड म्हणून तयार करा, पैसे त्यांना मिळू देत. पावसाच्या पहिल्या महिन्यात पठारावरच्या रस्त्यांना रात्री गाड्यांवर वेळेचं बंधन घाला. आणि आमचे अर्ज शोधा, नामंजूर असतील तर तसं लेखी कळवा. जूनच्या आत काही झालं नाही तर पठारावरच्या गावांत ग्रामसभेला ठराव मांडणार आहोत, त्याची प्रत तुम्हाला रजिस्टर पोस्टानं येईल.

आपला,
एक सातारकर