मुलांना स्वतःचा फोन कधी द्यावा?

महोदय,

मुलांना स्वतःचा मोबाइल कधी द्यावा, हे ठरवताना अनेक पालक तेराव्या वर्षाकडे बोट दाखवतात, कारण बहुतांश समाजमाध्यमांची किमान वयोमर्यादा तीच आहे. परंतु हा आकडा प्रामुख्याने अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यातून आला असून, तो कायदा मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्याविषयी आहे, त्यांच्या समजूतदारपणाविषयी नाही.

एकट्याने ये-जा करणाऱ्या मुलाला बटणांचा साधा फोन पुरतो. स्मार्टफोन दिलाच, तर रात्री तो मुलाच्या उशाशी न ठेवता बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि (हे अधिक अवघड आहे) आईवडिलांनी आपलाही त्याच्याच शेजारी ठेवावा. अनोळखी व्यक्तीने फोटो मागितल्यास मूल न घाबरता आपल्याला सांगेल, अशी खात्री वाटेपर्यंत इंटरनेट त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नये.

– एक पालक