विषय : सिंथेसायझरच्या सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) जोडणीबाबत दिशाभूल, वस्तू परत घेऊन पैसे मिळणेबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

मी सांगलीत नाटकांना पार्श्वसंगीत देतो. आपला छोटा ॲनालॉग सिंथेसायझर मी घेतला तो खोक्यावर 'सीव्ही/गेट इन' छापलेले होते म्हणून. सीव्ही म्हणजे स्वराची उंची ठरवणारे व्होल्टेज आणि गेट म्हणजे स्वर सुरू-बंद करणारा संकेत. 'कोणतेही सीव्ही उपकरण जोडा' असे आपली जाहिरातही सांगते. माझा सिक्वेन्सर (सिंथकडून ठरलेल्या क्रमाने स्वर वाजवून घेणारे यंत्र) १ व्होल्ट प्रति सप्तक या पद्धतीचा आहे आणि तुमचा सिंथ निघाला हर्ट्झ प्रति व्होल्टवाला. हे ना खोक्यावर लिहिले आहे, ना मॅन्युअलमध्ये. मल्टिमीटर लावून मला ते शोधावे लागले.

फरक किरकोळ नाही. माझ्या सिक्वेन्सरमध्ये दर सप्तकाला १ व्होल्ट वाढतो, म्हणजे दर अर्ध्या स्वराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. तुमच्या यंत्राला सप्तक चढायला व्होल्टेज दुप्पट लागते : १, २, ४, ८. त्यामुळे सा १ व्होल्टवर धरून २ व्होल्टवर गेलो की वरचा सा बिनचूक लागतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. ३ व्होल्ट दिले की आणखी वरचा सा यायला हवा, तिथे येतो पंचम. मधले स्वर तर हाताबाहेरच. सिक्वेन्सरवर पंचम लावला, म्हणजे १.५८ व्होल्ट, की सिंथमधून जवळपास कोमल धैवत बाहेर पडतो. तालमीत आमच्याकडे मिरजेचा तानपुरा लावलेला असतो. गाणारी मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "दादा, हा प नाहीये." तिचा कान बरोबर होता. सांगली-मिरजेत असा सूर कोणी चालवून घेणार नाही.

गेटचीही तीच तऱ्हा. माझा सिक्वेन्सर स्वर सुरू करताना ५ व्होल्ट देतो, तुमच्या यंत्राला मात्र गेट जमिनीशी (ग्राउंडशी, म्हणजे शून्य व्होल्टशी) शॉर्ट झालेला लागतो. परिणामी स्वर वाजवला की आवाज बंद आणि सोडला की सुरू.

एका वेळी एकच स्वर, बारीक पट्ट्या, सीव्ही आउट नाही, फिल्टरचा कटऑफ फक्त नॉबनेच फिरतो, हे सारे मी बघून घेतले होते. एवढ्या छोट्या यंत्रात ते चालायचेच, त्याबद्दल तक्रार नाही. हर्ट्झ प्रति व्होल्ट ही पद्धतही वाईट नाही. यामाहाचे जुने सीएस सिंथ तिच्यावरच चालत. पण मूग (Moog) कंपनीच्या सिंथपासून रूढ झालेली आणि आजच्या बहुतेक मॉड्युलर (सुटे भाग तारांनी जोडायच्या) यंत्रांत असलेली पद्धत दुसरी, म्हणजे १ व्होल्ट प्रति सप्तक, आहे, हे आपल्या इंजिनिअरांना माहीत नसेल असे मी मानत नाही. एक ओळ छापली असती तर मी खरेदीच केली नसती.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर 'अपडेट करून बघा' असे सांगितले. ऑसिलेटरचे सर्किटच तसे बांधलेले आहे, अपडेटने काय होणार? बाहेरून कन्व्हर्टर घ्यायचा तर त्याने पिचही बदलायला हवी आणि गेटही उलटवायला हवे, आणि तो खर्च मी का सोसायचा?

तरी यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा दोन्ही कामे करणारा कन्व्हर्टर आपल्या खर्चाने पाठवावा. खोक्यावर आणि जाहिरातीत पद्धतीचा स्पष्ट उल्लेखही करावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. बिल, खोक्याचा फोटो आणि मल्टिमीटरवरील नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपला,
(सही)
सांगली